सत्तावीस वेळा 'बिचारे'

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
३ ऑगस्ट २०२५

चि. विशाखास मामाचा सप्रेम जयभीम.

पाकीट जड लागलं म्हणून घाबरू नकोस. आत लग्नपत्रिका नाय, निबंध आहे. चौदा पानं, दोन्ही बाजूंनी, आणि सगळी माझ्या हातची.

चितेगावच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर मी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं तेव्हा तुझी आई म्हणाली होती, "भाऊ दोन महिन्यांत कंटाळंल." तिला सांग, भाऊ तिसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासकेंद्रात दर रविवारी वर्ग असतो. पोरंपोरी मला काका म्हणतात आणि माझ्याच वहीतून उतरवून घेतात.

तर इतिहासाला एक मोठा निबंध लिहून द्यायचा आहे. सरांनी विषयांची यादी लावली. बाकीच्यांनी ओळखीचे विषय धरले. मी धरला 'काळ्या लोकांचा इतिहास'. सर म्हणाले, "साहेबराव, एवढं लांबचं कशाला?" त्यांना काय सांगू? आमच्या तरुणपणी इथली पोरं स्वतःला पँथर म्हणवून घ्यायची. मीपण भिंतीवर तो वाघ काढायचो. माझा वाघ मांजरासारखा दिसायचा, ते सोड. पण ते नाव अमेरिकेतल्या काळ्या पोरांकडून आलं, हे मला मागल्या वर्षी कळलं. ज्यांचं नाव चाळीस वर्षं मिरवलं ती माणसं कोण होती ते बघावं, असं वाटलं.

आता काम. तू अमरावतीला कॉलेजात इतिहासच शिकवतीस. हा निबंध तपासून दे. फोन करू नकोस. फोनवर तू "छान झालंय मामा" म्हणशील आणि लगेच मामीच्या गुडघ्याचं विचारशील. मला लिहून पायजे. तुझ्या पोरांचे पेपर तपासतीस तसाच तपास, मामा आहे म्हणून सूट नको. डिसेंबरात द्यायचा आहे, म्हणजे वेळ भरपूर आहे.

मामीचा गुडघा बरा आहे.

तुझा मामा,
साहेबराव


अमरावती
१४ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

निबंध दोनदा वाचला. सूट नको म्हणालात, म्हणून दिली नाही. लाल पेन संपला, पुढं हिरवा वापरला आहे. रंगावर जाऊ नका.

पहिलं पान पूर्ण सूर्योदयाचं आहे. आफ्रिकेतला सूर्य, त्याची किरणं, त्या किरणांत न्हालेली झाडं. मामा, तुम्ही आफ्रिकेत गेलेला नाहीत. हे पान काढा.

'बिचारे' हा शब्द सत्तावीस वेळा आला आहे. मी मोजला. बिचारे गुलाम, बिचारी लेकरं, बिचारा निग्रो. (हा शेवटचा शब्द आता वापरत नाहीत, त्या लोकांना तो अपमानाचा वाटतो. 'काळे' किंवा 'आफ्रिकी' लिहा.) अडचण एका शब्दाची नाही. तुमच्या चौदा पानांत काळी माणसं स्वतः काहीच करत नाहीत. त्यांना पकडतात, विकतात, मारतात आणि शेवटी कोणीतरी मोठ्या मनाचा माणूस येऊन सोडवतो. हॅरिएट टबमन नावाची बाई स्वतः गुलामीतून पळाली आणि पुन्हापुन्हा माघारी जाऊन इतरांना बाहेर काढत राहिली. तिला तुम्ही एक ओळ दिलीत, आणि त्या ओळीतही ती बिचारीच आहे!

तिसरं, संदर्भ. कुठल्या पुस्तकातून काय घेतलं हे कुठंच नाही. खास करून पान नऊवरचा परिच्छेद: "विकत घेणारा तोंडाकडं बघत नाही. आधी दंड दाबतो, मग पाठ बघतो, मग बसून उठायला लावतो. ज्याची विक्री चाललीय तो तोवर दुसरीकडं कुठंतरी बघत राहतो, कारण बघणाऱ्याकडं बघितलं तर त्याला राग येतो." ही भाषा बाकी निबंधापेक्षा एकदम वेगळी आहे. उघड आहे की हा उतारा तुमचा नाही. कुठून उतरवला ते लिहा, नाहीतर सर चोरी म्हणतील.

बाकी बारा मुद्दे समासात आहेत. शुद्धलेखनाचं वेगळं पान जोडलं आहे. निराश होऊ नका, विषय चांगला आहे.

मामीला नमस्कार.

तुमची,
विशाखा


अमरावती
९ सप्टेंबर २०२५

आदरणीय मामा,

पंचवीस दिवस झाले, उत्तर नाही. दोनदा फोन केला. पहिल्यांदा मामी म्हणाल्या, आंघोळीला गेलेत. दुसऱ्यांदा संध्याकाळी पाच वाजता केला, तेव्हाही आंघोळीलाच गेले होते.

सूर्योदयाचा राग आला का? तो एवढा आवडता असेल तर दोन ओळी ठेवा. आई म्हणते तुम्ही पोळ्याला पैठण रस्त्याच्या मित्रांकडं गेला असाल आणि निबंध विसरला असाल. मला तसं वाटत नाही. तब्येत बरी आहे ना? एक ओळ तरी लिहा.

विशाखा


मुकुंदवाडी
१५ सप्टेंबर

विशाखाबाई, तुझी मामी गीताबाई हिचा जयभीम.

फोनच केला असता पण हा माणूस दिवसभर घरातच बसायलाय आणि आपलं घर केवढं, सगळं ऐकू जातं. म्हणून दळणाला जाते म्हणून निघाले आणि पोस्टातच बसून लिहायले. माझं अक्षर मोठं आहे, समजून घे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी ह्यानं ते तीनदा वाचलं. मग निबंधाची पानं पेटीत घातली, पेटीवर गादी ठेवली. मागच्या दोन रविवारी वर्गाला गेला नाय. म्हणतो, "ह्या वयात कशाला?" तुझा फोन आला की मलाच डोळ्यानं खुणावतो. मी आंघोळ सांगते. दुसरं मला सुचत नाय.

तुला ठाऊक नसंल म्हणून सांगते. हा दहावीला असताना शाळेत निबंध लिहिला होता, पावसावर का नदीवर, आठवत नाय. लई चांगला लिहिला होता म्हणे. मास्तरांनी वर्गात उभं केलं आणि विचारलं, "हे तुझं नाय. कुणाचं उतरवलंस?" हा म्हणत राहिला, माझंच आहे. मास्तरांनी वही फेकली, सगळा वर्ग हसला. हा दुसऱ्या दिवसापासून शाळेत गेला नाय, तो गेला नायच. लग्नाला सात वर्षं झाल्यावर मला हे सांगितलं, तेही एकदाच.

तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाय. तू बरोबरच सांगितलं असशील, शिकलेली आहेस. पण मी ब्लाऊज शिवते. गिऱ्हाईक बाई ब्लाऊज घेऊन आली, नीट बसत नाय म्हणाली, तर मी आधी बघते कुठं बसलाय. खांद्यात बसला असंल तर खांद्याला हात लावत नाय. बगलेत उसवायचा असंल तर तेवढाच उसवते. तू बाई आधी खांदाच उसवलास.

मी लिहिलं हे त्याला कळू देऊ नकोस. दळण राहिलंय.

गीताबाई


अमरावती
२० सप्टेंबर २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

मागच्या दोन्ही पत्रांत मी एक गोष्ट लिहिली नाही, ती आज लिहिते. बाकी काही वाचायचं नसेल तर पुढचं वाचू नका, पण एवढं वाचा.

पान नऊवरचा परिच्छेद हा त्या चौदा पानांतला सर्वांत उत्तम परिच्छेद आहे. मी दहा वर्षं शिकवते आहे. एवढं नेमकं मला कुठल्याच विद्यार्थ्यानं लिहून दिलेलं नाही. आणि मी काय केलं? तो चांगला आहे म्हणूनच तो तुमचा नाही असं धरून चालले. चांगलं लिहिलं म्हणजे ते दुसऱ्या कुणाचं, हा हिशेब माझ्या डोक्यात कुठून आला, ह्याचा मी चार दिवस विचार करते आहे. तुम्ही अमेरिकेच्या इतिहासावर लिहीत होतात आणि मी इथं बसून तिथल्या मालकांसारखंच वागत होते. माझी चूक झाली. माफ करा.

निबंधाच्या समासातले बारा मुद्दे विसरा. शुद्धलेखनाचं पान मामीला द्या, त्याच्या मागं मापं लिहायला होईल. मला एकच विचारायचं आहे, तपासणारी म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं आहे म्हणून. दंड दाबणारा तो माणूस तुम्ही कुठं बघितलात?

आणि एक सुचवू? काळ्या लोकांचा इतिहास शोधायला तुम्ही थेट अमेरिकेला गेलात. जरा घराजवळही बघा. मुकुंदवाडीहून खुलताबाद किती लांब आहे? तिथं मलिक अंबरची कबर आहे. तुम्हाला नाव माहीत असेल. पण तो कुठून आला होता, कसा आला होता, हे वाचून मग तिथं जा. एकटे जाऊ नका, तुमचे कंपनीतले जोडीदार चांदपाशाकाका यांना घेऊन जा.

उत्तर दिलं नाहीत तरी चालेल. पण रविवारच्या वर्गाला जा.

तुमची,
विशाखा


मुकुंदवाडी
१२ ऑक्टोबर २०२५

चि. विशाखास मामाचा जयभीम.

आधी एक खुलासा. मी तुझ्या पत्रानं नाराज वगैरे काही नव्हतो. मला वेळ मिळत नव्हता. मामी हे वाचून का हसायलीय ते मला कळत नाय.

तू विचारलंस, कुठं बघितलं. सांगतो. एक्क्याऐंशी साली मी सतरा वर्षांचा होतो, शाळा सुटली होती. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीला उभा राहायचो. सकाळी पंचवीस-तीस जण रांगेत. मुकादम यायचा, तोंडाकडं बघायचा नाय. दंड दाबायचा, पाठ बघायचा, कधी बस म्हणायचा, ऊठ म्हणायचा. पसंत पडला की खांद्यावर थाप. नाय पडला तर काहीच नाय, पुढच्याकडं. मी तेव्हा समोरच्या गोदामाच्या पत्र्यावर नजर लावायचो. त्या पत्र्यावर कबुतरं असायची. पुस्तकात गुलामांच्या बाजाराचं चित्र बघितलं, त्यातला एक जण असाच वर कुठंतरी बघायलाय. मला वाटलं, ह्याला पण कबुतर दिसलं असंल. मग तो परिच्छेद आपोआप झाला.

आता खुलताबादचं. गेल्या रविवारी वर्ग सुटल्यावर चांदपाशानं त्याची रिक्षा काढली. कंपनीत एका मशीनला जोडीनं उभं राहायचो, तसेच जोडीनं निघालो. मी रस्ताभर त्याला वाचलेलं सांगत गेलो. अंबर म्हणजे हबशाणातला, आताच्या इथिओपियातला पोरगा, मूळ नाव चापू. तिथून विकला, अरबस्तानात विकला, बगदादेत विकला, मग दख्खनला आणून विकला. आणि तोच पुढं निजामशाहीचा कारभारी झाला, दिल्लीच्या फौजांना वीस-पंचवीस वर्षं दमवलं आणि आपलं हे गाव वसवलं. तेव्हा ह्याला खडकी म्हणायचे. चांदपाशा घाट चढताना रिक्षा थांबवून मागं वळला. "क्या बोलते जी! अपना गाव गुलाम ने बसाया? और हमकू कोई बोल्याच नै?"

कबरीजवळ कोणी नव्हतं. मोठा घुमट, भोवती गवत, दोन शेळ्या. चांदपाशानं फातिहा वाचला. मी हात जोडून उभा राहिलो. मला काय म्हणावं ते सुचेना, म्हणून जयभीम म्हणालो.

पण खरी गोष्ट परतीला झाली. चांदपाशाला जुन्या शहरात काम होतं म्हणून आम्ही भडकल गेटवरून आलो. आता ह्या गेटला मी किती वेळा आलोय विचार. दर चौदा एप्रिलला, चाळीस वर्षं. तिथं बाबासाहेबांचा पुतळा आहे, मिरवणूक तिथंच येते. मी त्या कमानीच्या सावलीत उभं राहून मठ्ठा वाटलाय, तुला तिथंच खांद्यावर घेऊन फिरवलंय. चांदपाशाला म्हणालो, "थांब." कारण सकाळीच वाचलं होतं की हे गेट मलिक अंबरनं बांधलं. मुघलांना हरवलं त्याची खूण म्हणून. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला वर मान करून उभे. मागून हॉर्न वाजायले. चार वेळा विकलेल्या माणसाची कमान, आणि तिच्यापुढं बाबासाहेब. कोणी ठरवून केलं असंल का? नसंल. पण मी चाळीस वर्षं फक्त सावली बघितली, कमान बघितलीच नाय.

सूर्योदय काढला. 'बिचारे' सगळे काढले. एक ठेवला, तो मुकादमासाठी वापरला आहे. दुसरा मसुदा सोबत आहे. हिरवा पेन चालंल.

मामा


अमरावती
२४ ऑक्टोबर २०२५

प्रिय मामा,

हे पत्र मी 'आदरणीय' न लिहिता सुरू केलं आहे, रागावू नका. मसुदा वाचून एकदम जवळचे वाटलात.

आधी खांदा. भडकल गेटचं पान आहे तसंच राहू द्या, एक अक्षर हलवू नका. टबमन बाईंना आता तीन पानं मिळाली आहेत आणि त्या पानांत त्या धावतात, लपतात, माणसं मोजतात, पुन्हा माघारी फिरतात. गुलामांनी चोरून वाचायला शिकण्याचा भाग मी माझ्या वर्गात वाचून दाखवला. तिथल्या कित्येक राज्यांत त्यांना शिकवणं हा गुन्हा होता, हे मुलांना माहीत नव्हतं. एका मुलीनं विचारलं, हे कुणी लिहिलंय? मी म्हटलं, माझ्या मामांनी, आणि ते स्वतःच लिहिलंय.

आता दोन ठिकाणी उसवायचं आहे.

एक, मोंढा. परिच्छेद छान आहे, पण तुम्ही तो अजूनही अमेरिकेच्या बाजाराचं वर्णन म्हणून दिला आहे. तिथं तुम्ही नव्हतात. मोंढ्यात होतात. तसं सांगून लिहा: मी हे इथं पाहिलं, त्यावरून मला ते चित्र कळलं. दोन्ही बाजार एक नव्हेत. तुम्ही संध्याकाळी घरी जाऊ शकत होतात, ते जाऊ शकत नव्हते. हा फरकही लिहा, म्हणजे तुमचं म्हणणं कुणाला खोडता येणार नाही. आणि तळाला संदर्भ द्या: साहेबराव कडुबा हिवराळे, हमाल, मोंढा, १९८१. गंमत करत नाही. संदर्भ असाच देतात.

दोन, मलिक अंबर. मामा, तुमचा अंबर फार स्वच्छ आहे. तो कधी चुकत नाही, थकत नाही, खोटं बोलत नाही. मी काही अभ्यासकांचं वाचलं आहे: सत्ता हातात आल्यावर त्यानं स्वतःही हबशी गुलाम विकत घेऊन फौजेत भरले. जो विकला गेला त्यानंच विकत घेतलं. हे निबंधात कुठंच नाही. तुमच्या यादीतल्या एका पुस्तकात ते आहे, म्हणजे तुम्ही वाचलं असणार.

हे लिहायला मलाही आवडलं नाही. पण ते गाळलं तर पुन्हा तो खरा माणूस राहणार नाही.

तुमची,
विशाखा


मुकुंदवाडी
१६ नोव्हेंबर २०२५

चि. विशाखास,

वाचलं होतं. व्हय, वाचलं होतं आणि गाळलं होतं. तुझं पत्र आलं तेव्हा ठरवलं, लिहिणार नाय. एवढ्या मुश्किलीनं आपल्यासारखा एक माणूस सापडला, आणि तू म्हणतीस त्याच्यावर डाग टाक. आठ दिवस मी कागदाला हात लावला नाय. पण वर्गाला जायलो होतो, मामीला विचार.

चांदपाशाकडं तक्रार केली. मला वाटलं तो तरी माझ्या बाजूनं बोलंल. तो चहा बशीत ओतत म्हणाला, "लिख दे ना जी. आदमीच था. तू नै करा क्या?"

मी म्हणालो, "मी काय केलं?"

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. मग मला आठवलं.

कंपनीत मला सुपरवायझर केलं ते दोन हजार चारला. तुझ्या आईनं पेढे वाटले होते. त्या वर्षी मालाची गाडी भरायला कंत्राटी माणसं घ्यायची होती. गेटवर रांग होती, मला निवडायला उभं केलं. चांदपाशा माझ्या शेजारी होता. मी पहिल्या माणसापाशी गेलो आणि त्याचा दंड दाबला. त्याला नाव विचारलं नाय. दुसऱ्याचाही दाबला. पाच-सहा झाल्यावर चांदपाशानं माझा हात धरला. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. म्हणालो, "अरे, पोती जड आहेत." आता वाटतं, त्या रांगेतला कोणी तेव्हा वर बघत होता का, ते मी बघितलं नाय. मी तेव्हा तोंडाकडं बघितलंच नव्हतं.

हे मी अजून मामीलाही सांगितलेलं नाय. तुला लिहिलं, कारण तू विचारायला शिकवलंस.

त्याच दिवशी दुपारी बसून अंबरचं पान लिहिलं. अर्धंच पान आहे. त्यानं विकत घेतले असं अभ्यासक लिहितात, पुस्तकाचं नाव, पान नंबर. त्याखाली माझं गेटवरचं तीन ओळींत लिहिलं, साल घातलं. कारण द्यायचा प्रयत्न केला होता, पण जमलं नाय, म्हणून खोडलं. सर वाचतील, पोरं वाचतील, वाचू दे.

तिसरा मसुदा पाठवत नाय. आता तपासायचं राहू दे. जसा आहे तसा देतो.

मामी विचारती, दिवाळीला आली नाहीस, नाताळच्या सुट्टीत येतीस का? ये. बाजरीची भाकरी आणि ठेचा तुला कॉलेजात कोण देणार!

मामा


मुकुंदवाडी
२१ डिसेंबर २०२५

चि. विशाखास मामा-मामीचा सप्रेम जयभीम.

तू शनिवारी येणार हे कळलं. म्हणजे हे पत्र तू निघायच्या आधी पोचलं तर पोचलं. पण आजचं आजच लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाय.

निबंध मागच्या रविवारी दिला. आज सरांनी मला उभं केलं. सर म्हणाले, "साहेबराव, संदर्भात स्वतःचं नाव लिहिणारा विद्यार्थी मला पहिल्यांदाच भेटला." आणि म्हणाले, पुढं या, वाचून दाखवा. सगळा नाय, वेळ नव्हता. मी मोंढा, भडकल गेट आणि अंबरचं पान वाचलं. कोणी हसलं नाय. मागच्या बाकावरचा रामकिसन, जो नेहमी मोबाईल बघतो, तो पण ऐकत होता. म्हणजे मोबाईल हातात होता, पण ऐकत होता.

वाचून झाल्यावर सरांनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. शहजादी म्हणून एक पोरगी आहे. शहागंजात बापाच्या दुकानावर बसती, दोन लेकरं आहेत, धाकट्याला घेऊनच वर्गाला येती. ती म्हणाली, "काका, उसकी माँ का क्या हुआ? तो चापू विकला गेला, मग त्याच्या आईनं काय केलं?"

विशाखा, मी तीन महिने ह्या माणसाच्या मागं आहे. बगदाद पाठ आहे, लढाया पाठ आहेत, त्यानं शहरासाठी खोदलेल्या नहरीचं पाणी कुठून कुठं नेलं ते सांगतो. पण त्याला आई होती हे माझ्या डोक्यातच आलं नाय. तुझ्याही आलं नाय, बघ. लाल आणि हिरवा दोन्ही पेन संपवलेस, पण हे विचारलं नाहीस.

पूर्वीचा मी असतो तर तिथल्या तिथं काहीतरी सुंदर ठोकून दिलं असतं. आई समुद्राकडं बघत बसली असं काहीतरी. वर्गानं टाळ्या वाजवल्या असत्या. तोंडापर्यंत आलंही होतं.

मी म्हणालो, "माहीत नाही."

ती म्हणाली, "कुठंच नाही लिहिलेलं?"

मी म्हणालो, "आईबापानं गरिबीपायी विकलं असं एका ठिकाणी आहे, पळवून नेलं असं दुसरीकडं आहे. खरं काय ते मला माहीत नाही. आईचं नाव मला कुठंच सापडलं नाही, पण मी शोधलंही नव्हतं." शहजादीनं मांडीवरच्या लेकराला दुसऱ्या हातावर घेतलं आणि मान हलवली. तिला ते पटलं. मला वाटलं होतं, एवढ्या सगळ्यांपुढं माहीत नाही म्हणायला लाज वाटंल. नाय वाटली.

वर्ग सुटल्यावर बाकावर बसून एक कागद लिहिला. "मलिक अंबरच्या आईचं नाव काय होतं, मुलगा गेल्यावर ती कशी जगली, त्याला पुन्हा भेटली का: माहीत नाही. शोधायचं आहे. हा प्रश्न शहजादी यांचा." खाली सही केली, तारीख घातली आणि सरांकडं नेला.

सर म्हणाले, "निबंध जमा झालाय, साहेबराव. मार्कपण दिले. आता हा कागद कशाला?"

मी म्हणालो, "मार्क राहू द्या. एवढा लावून घ्या."

सरांनी कपाट उघडून माझा निबंध काढला. स्टेपलर सापडंना. शेवटी शहजादीनं ओढणीची टाचणी काढून दिली, आणि सरांनी ती लावली.

तुझा मामा,
साहेबराव